रश लिंबॉ: एक रेडिओवाला अख्ख्या पक्षावर भारी कसा पडला, सोप्या भाषेत

डिसेंबर २०१८ ची गोष्ट. अमेरिकेत सरकारी खर्चाचं बिल पास व्हायचं होतं, सिनेटने ते आवाजी मतदानाने पास करून पुढे पाठवलं पण होतं, फक्त त्यात ट्रम्पना मेक्सिकोच्या सीमेवर जी भिंत हवी होती तिच्यासाठी पैसे नव्हते. सगळे धरून चालले होते की ट्रम्प सही करतील आणि मंडळी नाताळच्या सुट्टीला घरी जातील. मग दुपारच्या रेडिओ शोमध्ये एका माणसाने सांगितलं की ह्या सौद्यात ट्रम्पना काहीच मिळत नाहीये, सगळं डेमोक्रॅट्सच्या पदरात पडतंय. आणि लगेच पुढच्या शोमध्ये त्याच माणसाने ऑन एअर सांगितलं की राष्ट्राध्यक्षांचा मला निरोप आलाय, भिंतीचे पैसे नसतील तर ते सही करणार नाहीत. झालंही तसंच. सरकार ३५ दिवस अर्धवट बंद पडलं, साधारण ८ लाख कर्मचाऱ्यांचे पगार अडकले. आता हे काही एकट्या त्याच्यामुळे झालं नाही, इतर लोकही ट्रम्पवर तुटून पडले होते, पण निरोप कोणाला गेला ते बघा.

तो माणूस म्हणजे रश लिंबॉ, रिपब्लिकन पक्षाच्या बाजूने बोलणारा उजव्या मतांचा रेडिओ होस्ट. आयुष्यात एकही निवडणूक लढवली नाही, कुठलं सरकारी पद नाही, कॉलेजची डिग्री नाही. त्याच्याबद्दल वाचायला गेलं की दोनच प्रकारचं लिखाण सापडतं, एकात तो देशाची वाट लावणारा राक्षस असतो आणि दुसऱ्यात सामान्य माणसाचा आवाज. दोन्हीकडे एक गोष्ट राहून जाते असं मला वाटतं, ती म्हणजे त्याची मतं काही नवीन नव्हती, तशी मतं असणारे लाखो लोक आधीपासून होतेच. नवीन होती ती व्यवस्था, ज्यात असा माणूस उभा राहू शकला. नियम बदलले, टेक्नॉलॉजी बदलली, धंद्याचं गणित बदललं आणि नेमकं त्याच वेळी हा तिथे हजर होता. ती व्यवस्था समजली की त्याचं करिअर समजतं, आणि त्याच्यानंतर जे जे आले त्यांचंही बऱ्यापैकी समजतं.

आधी माणूस थोडक्यात. जन्म १२ जानेवारी १९५१, मिसुरी राज्यातलं केप जिरार्डो नावाचं गाव. घराणं वकिलांचं, आजोबा एवढे नावाजलेले की तिथल्या फेडरल कोर्टाच्या इमारतीला त्यांचं नाव आहे, काका फेडरल जज, भाऊ पण वकील. ह्याला मात्र शाळेत असल्यापासून रेडिओचं वेड, गावातल्या स्टेशनवर वेगळं नाव घेऊन गाणी लावायचा. कॉलेज एका वर्षात सोडलं आणि १९७१ मध्ये पेन्सिल्व्हेनियात नोकरी धरली, तिथेही नाव वेगळंच, जेफ क्रिस्टी. पुढची बारा तेरा वर्षं म्हणजे नोकरी लागायची आणि जायची, कारण बहुतेक वेळा हेच की गाणी लावायला ठेवलाय आणि हा मध्येच स्वतःचं काहीतरी बोलत बसतो. शेवटी रेडिओ सोडून १९७९ मध्ये कॅन्सस सिटीच्या रॉयल्स ह्या बेसबॉल टीमच्या ऑफिसात नोकरी केली, ग्रुपची तिकीटं विकायची वगैरे. तिशीच्या आतबाहेरचा, करिअर फसलेला माणूस, आसपास सगळे खेळाडू लाखो डॉलर कमावणारे. हा काळ मला महत्त्वाचा वाटतो कारण पुढे तो ज्या लोकांशी बोलला, म्हणजे दिवसभर ट्रक चालवणारे, दुकान चालवणारे, ज्यांना वाटतं की मोठ्या शहरातले शिकलेले लोक आपल्याला काही किंमत देत नाहीत, त्यांची ती भावना ह्याने स्वतः अनुभवली होती, ती त्याने नुसती उधार घेतलेली नव्हती. १९८३ मध्ये परत रेडिओवर, तिथून परत हकालपट्टी, आणि १९८४ मध्ये कॅलिफोर्नियातल्या सॅक्रामेंटोच्या केएफबीके स्टेशनवर शेवटचा चान्स मिळाल्यासारखी नोकरी. तिथे मात्र त्याला सांगितलं की गाणी नकोत, तू बोल. आणि तो शो जोरात चालला.

आता नियमाची गोष्ट, कारण इथेच सगळ्यात जास्त गैरसमज आहेत. अमेरिकेत रेडिओ टीव्हीचं लायसन्स देणारी संस्था म्हणजे एफसीसी. तिने १९४९ मध्ये एक धोरण आणलं, त्याला फेअरनेस डॉक्ट्रिन म्हणायचे, आपण समतोलाचा नियम म्हणू. त्यामागचा विचार असा की हवेतल्या फ्रिक्वेन्सी मोजक्याच, त्या जनतेच्या मालकीच्या, ज्याला लायसन्स मिळालं त्याच्यावर काही जबाबदारी पाहिजे. जबाबदाऱ्या दोन. एक, लोकांच्या दृष्टीने महत्त्वाच्या वादाच्या विषयांना वेळ द्यायचा. दोन, त्या विषयावर वेगळी मतं पण ऐकवायची. बस एवढंच. खूप जणांना वाटतं की ह्याला तीन मिनिटं दिली तर त्याला पण मोजून तीन मिनिटं द्यावी लागायची, तर तसं नव्हतं, उमेदवारांना समान संधी देण्याचा नियम हा पूर्ण वेगळा आहे आणि तो आजही आहे. समतोलाचा नियम ढोबळ होता, एकाच कार्यक्रमात नाही तर एकंदर स्टेशनवर दुसरी बाजू यावी अशी अपेक्षा. १९६९ मध्ये सुप्रीम कोर्टाने रेड लायन नावाच्या केसमध्ये हा नियम घटनेत बसतो असं सांगितलं.

पण प्रत्यक्षात काय व्हायचं तर स्टेशनचा मालक विचार करायचा की एकाला तासभर राजकारण बोलू दिलं की दुसऱ्याला आणा, तक्रारी येणार, वकील लावा, लायसन्स रिन्यू करताना फाईल उघडणार, त्यापेक्षा नकोच ती भानगड, पाककृती आणि बागकामावर बोला. म्हणजे नियम सगळ्या बाजू ऐकू याव्यात म्हणून केलेला आणि परिणाम असा की बरेच मालक वादाच्या विषयाला हातच लावायचे नाहीत. ही टीका खोटी नव्हती, आणि ती फक्त उजव्यांचीच होती असंही नाही. रेगनच्या काळात एफसीसीने ठरवलं की आता केबल आली, स्टेशनं वाढली, टंचाई उरली नाही, हा नियम काढा. संसदेने त्याला कायद्याचं रूप द्यायचा प्रयत्न केला, रेगनने जून १९८७ मध्ये तो व्हेटो केला, आणि ऑगस्ट १९८७ मध्ये एफसीसीने नियम सोडून दिला. बरोबर वर्षभराने, १ ऑगस्ट १९८८ ला, लिंबॉचा शो देशभर सुरू झाला.

ह्यावरून लोक सरळ रेघ ओढतात की नियम गेला म्हणून लिंबॉ आला. अर्धंच खरं आहे. सॅक्रामेंटोत तो नियम असतानाच लोकप्रिय झाला होता. नियम जाण्याने दार उघडलं, पण आत शिरण्याची गरज मालकांना का वाटली, तर त्याचं उत्तर एएम रेडिओची हलाखी.

एएम म्हणजे जुना रेडिओ, लांबवर ऐकू येतो पण आवाज खरखरीत. एफएम आला, गाणी स्वच्छ ऐकू यायला लागली आणि सत्तरीच्या दशकाच्या शेवटाला श्रोते तिकडे गेले. देशभर शेकडो एएम स्टेशनं पडून, लायसन्स आहे, टॉवर आहे, ऐकायला कोणी नाही. गाणी एएमवर खराब वाजतात पण माणसाचं बोलणं छान ऐकू येतं. तेवढ्यात सॅटेलाईटवरून कार्यक्रम एका जागेहून सगळीकडे पाठवणं स्वस्त झालं, आणि ८०० चे फुकट फोन नंबर सगळीकडे झाले, म्हणजे मोंटानातला माणूस न्यूयॉर्कला एक पैसा न देता फोन करू शकतो. ह्या सगळ्याची बेरीज करणारा माणूस एड मॅक्लॉक्लिन, एबीसी रेडिओचा माजी प्रमुख. त्याने लिंबॉला सॅक्रामेंटोहून उचलून न्यूयॉर्कला डब्ल्यूएबीसीच्या स्टुडिओत बसवलं आणि ५६ स्टेशनांवर शो चालू केला.

आणि सौदा काय होता ते नीट बघा, कारण सगळ्या करिअरची किल्ली इथे आहे. स्टेशनला शो फुकट. एक डॉलर द्यायचा नाही. बदल्यात शोमधल्या जाहिरातींची काही मिनिटं मॅक्लॉक्लिनच्या कंपनीची, ती तो देशपातळीवर विकणार, उरलेली मिनिटं स्टेशनची, ती त्याने गावात विकावी. आता तुम्ही एखाद्या छोट्या गावातल्या मरायला टेकलेल्या एएम स्टेशनचे मालक आहात, दुपारी बारा ते तीन लोकल माणूस बसवायचा तर त्याला पगार द्या, प्रोड्युसर द्या, आणि इकडे न्यूयॉर्कचा माणूस फुकट मिळतोय, वर त्याच्यामुळे श्रोते वाढतायत. तुमचं राजकारण काहीही असो, तुम्ही काय कराल? दुपारी बारा ही वेळही अशी की त्याआधी फारसं कोणी तिला किंमत देत नव्हतं, रेडिओची कमाई सकाळी आणि संध्याकाळी, लोक गाडीत असताना. काही वर्षांत स्टेशनांचा आकडा ६०० च्या वर गेला.

१९९६ मध्ये टेलिकम्युनिकेशन्स ॲक्ट आला. त्याआधी एका कंपनीला देशभरात किती रेडिओ स्टेशनं ठेवता येतील ह्यावर मर्यादा होती, ती काढून टाकली. क्लिअर चॅनल नावाची कंपनी बघता बघता हजारावर स्टेशनांची मालक झाली, आणि लिंबॉचा शो ज्या प्रीमियर कंपनीकडे गेला होता ती पण शेवटी क्लिअर चॅनलच्याच पोटात. म्हणजे शो बनवणारी आणि शो लावणारी कंपनी एकच. आता गावागावातल्या लोकल टॉक होस्टची जागा कोणी घेतली हे सांगायला नको. मला ह्या सगळ्यात सगळ्यात जास्त वाईट ह्याचं वाटतं. गावातला होस्ट डावा असो की उजवा, तो गावाच्या शाळेच्या बोर्डावर बोलायचा, रस्त्यावर बोलायचा, ज्याच्यावर टीका केली तो उद्या बाजारात भेटणार आहे हे त्याला माहीत असायचं, त्यामुळे जिभेला आपोआप लगाम. न्यूयॉर्कहून किंवा नंतर फ्लोरिडाहून बोलणाऱ्याला तो लगाम नाही. हा कायदा क्लिंटनच्या सहीने झाला, दोन्ही पक्षांनी मिळून मत दिलेलं, हेही विसरू नये.

बरं, व्यवस्था सगळ्यांनाच उपलब्ध होती, मग हाच का? कारण तो कामात खरोखर तयार होता, आणि हे त्याच्या विरोधकांनी वेळेत मान्य केलं असतं तर त्यांचं कमी नुकसान झालं असतं. त्याच्या आधीचे राजकीय टॉक शो म्हणजे पाहुणा बोलवा, मुलाखत घ्या, कंटाळवाणं. लिंबॉकडे पाहुणे जवळजवळ नाहीतच. तीन तास, आठवड्याचे पाच दिवस, एकटा माणूस, समोर कागद. गाणी लावण्यात घालवलेली वर्षं इथे कामी आली, कुठे थांबायचं, कुठे आवाज खाली आणायचा, ब्रेकच्या नेमक्या सेकंदाला वाक्य कसं संपवायचं हे त्याला झोपेत जमलं असतं. वर्तमानपत्राचं कात्रण माईकजवळ नेऊन खडखड आवाज करायचा म्हणजे श्रोत्याला वाटावं पुरावा हातात आहे, मग दोन सेकंद गप्प, मग टेबलावर थाप. विडंबन गाणी, राजकारण्यांच्या नकला, स्वतःबद्दल अतोनात बढाया, देवाने उसनी दिलेली प्रतिभा आहे वगैरे, आणि ज्या एक्सलन्स इन ब्रॉडकास्टिंग नेटवर्कचं नाव तो रोज घ्यायचा तसं नेटवर्क मुळात नव्हतंच, ते त्याने गमतीने तयार केलेलं नाव. फोनच्या बाबतीत तर त्याने स्पष्टच सांगून ठेवलं होतं की कॉलरचं काम म्हणजे होस्टला चांगलं दिसायला मदत करणं. फोन आधी चाळले जायचे. विरोधातला कॉलर आला तरी खेळ त्याच्या अंगणात आणि बटण त्याच्या हातात.

आणि माणसं जोडली कशी ह्याचा एक किस्सा सांगण्यासारखा आहे. कोलोरॅडोतल्या एका श्रोत्याने १९९३ मध्ये फोन केला की तुमच्या मासिक पत्रिकेची वर्गणी, जी तेव्हा २९.९५ डॉलर होती, ती भरायला बायको परवानगी देत नाहीये. लिंबॉ म्हणाला, मग केक बिस्किटं विकून पैसे जमव. ऐकायला थट्टा, पण २२ मे १९९३ ला फोर्ट कॉलिन्स शहरात खरंच ती विक्री भरली आणि देशभरातून हजारो लोक तिथे आले, बसने, विमानाने, फक्त एकमेकांना बघायला. त्याच काळात कितीतरी रेस्टॉरंटमध्ये रश रूम नावाने वेगळी खोली ठेवायचे, जेवणाच्या सुट्टीत शो चालू, लोक एकत्र बसून ऐकतायत. ह्या लोकांना आयुष्यात पहिल्यांदा कळलं की आपल्यासारखं वाटणारे आपण एकटे नाही. टीव्हीवरच्या तीन नेटवर्कच्या बातम्यांत आपली बाजू कुठे दिसत नाही ही त्यांची तक्रार होती, आणि मला ती तक्रार अगदीच बिनबुडाची वाटत नाही. लिंबॉने ती ऐकली. पुढे त्याने त्या तक्रारीचं काय केलं हा वेगळा भाग.

राजकारण्यांना हे लगेच कळलं. जून १९९२ मध्ये थोरल्या बुशने त्याला व्हाईट हाऊसमध्ये मुक्कामाला बोलवलं आणि राष्ट्राध्यक्षाने स्वतः त्याची बॅग उचलून आत नेली. क्लिंटन निवडून आल्यावर तर शोला रोजचं खाद्य मिळालं. क्लिंटन एवढा वैतागला की जून १९९४ मध्ये एअर फोर्स वन ह्या राष्ट्राध्यक्षांच्या विमानातून सेंट लुईसच्या रेडिओ स्टेशनला फोन करून तक्रार केली की मी फोन ठेवल्यावर लिंबॉला तीन तास मिळणार, मला उत्तर द्यायला काही नाही आणि तो खरं बोलतोय की खोटं हे तपासणाराही कोणी नाही. लिंबॉने त्या दिवशी सांगितलं की खरं खोटं तपासणारा मीच आहे. नोव्हेंबर १९९४ मध्ये रिपब्लिकन पक्षाने चाळीस वर्षांनी हाऊस, म्हणजे संसदेचं कनिष्ठ सभागृह, जिंकलं, ५४ जागा वाढल्या, आणि नवीन निवडून आलेल्यांनी लिंबॉला आपल्या बॅचचा मानद सदस्य केलं. ज्याला कधी कोणी मत दिलं नाही त्याला.

आता काळी बाजू, आणि ती झाकायची माझी अजिबात इच्छा नाही. सुरुवातीच्या वर्षांत एड्स अपडेट नावाचा भाग असायचा, गे पुरुष मरतायत आणि हा गाणी लावून त्यावर विनोद करतोय. तो त्याने नंतर बंद केला आणि पश्चात्ताप झाल्याचं सांगितलं. नको असलेला फोन कट करायचा तर व्हॅक्युम क्लीनरचा आवाज आणि किंकाळी, त्याला कॉलर अबॉर्शन म्हणायचा. स्त्रीवादी बायकांसाठी फेमिनाझी (फेमिनिस्ट अधिक नाझी) हा शब्द त्याने घराघरात पोचवला. काळ्या लोकांबद्दलची वाक्यं तर कितीतरी, २००३ मध्ये ईएसपीएन ह्या खेळांच्या चॅनलवर अमेरिकन फुटबॉलचा कॉमेंटेटर म्हणून घेतलं होतं तिथे तो म्हणाला की डोनोव्हन मॅकनॅब ह्या खेळाडूचं कौतुक मीडिया करतो कारण त्यांना काळा क्वार्टरबॅक, म्हणजे टीमचा खेळ चालवणारा मुख्य खेळाडू, यशस्वी व्हायला हवाय, आणि काही दिवसांत राजीनामा द्यावा लागला. वातावरण बदल हे थोतांड आहे हे वर्षानुवर्षं, आणि फेब्रुवारी २०२० मध्ये कोरोना म्हणजे साधी सर्दी.

पण त्याची पद्धत कशी चालायची हे बघायचं तर ऑक्टोबर २००६ ची एक घटना जवळून बघावी लागते. मायकल जे. फॉक्स हा नट, त्याला पार्किन्सन्स. मिसुरीत सिनेटच्या उमेदवार क्लेअर मकॅस्किलसाठी त्याने जाहिरात केली, स्टेम सेल संशोधनाच्या बाजूने. जाहिरातीत त्याचं अंग सतत हलत होतं. लिंबॉ शोमध्ये म्हणाला की हा एकतर औषध न घेता आलाय नाहीतर ॲक्टिंग करतोय, आणि स्टुडिओतल्या कॅमेऱ्यासमोर खुर्चीत बसून हात आणि धड हलवून त्याची नक्कल केली. खरं म्हणजे ते हलणं औषधामुळेच होतं, त्या औषधांचा तो माहीत असलेला साईड इफेक्ट आहे. गदारोळ झाल्यावर लिंबॉ म्हणाला, मी चुकलो असेन तर माफी मागेन. हे जर तर लक्षात ठेवा. आधी वार, मग जर तर, मग दोन दिवसांनी विषय असा फिरवायचा की बघा मीडिया माझ्या मागे लागलाय. श्रोत्याच्या मनात शेवटी उरतं काय, तर फॉक्सचा आजार नाही, आपल्या माणसावर होणारा हल्ला. ह्यात सगळ्यात भयंकर मला हे वाटतं की एका आजारी माणसाचं शरीर हा पण पुरावा म्हणून फेटाळता येतो अशी सवय लाखो लोकांना लागली. मकॅस्किल निवडून आली हा भाग वेगळा.

ह्याच माणसाचं स्वतःचं शरीर मात्र त्याला साथ देत नव्हतं. २००१ मध्ये त्याने जाहीर केलं की ऐकू येणं जवळजवळ गेलंय, कानाच्या आतल्या भागाचा ऑटोइम्यून आजार. रेडिओवाला आणि बहिरा. काही महिने कॉलरचं बोलणं त्याच्यासमोर स्क्रीनवर टाईप करून दाखवायचे आणि तो वाचून उत्तर द्यायचा, श्रोत्यांना फार कमी कळायचं, डिसेंबर २००१ मध्ये कॉक्लिअर इम्प्लांट, म्हणजे ऐकू यायला मदत करणारं यंत्र, ऑपरेशन करून बसवलं आणि शो चालूच राहिला. ह्या जिद्दीला मी सलाम करतो, मतं काहीही असोत. मग ऑक्टोबर २००३ मध्ये कबुली दिली की वेदनाशामक गोळ्यांचं व्यसन आहे. ड्रग्ज घेणाऱ्यांना तुरुंगात टाका असं तो पूर्वी बोललेला, त्यामुळे तोंडघशी पडला. केस झाली, सरकारी वकिलांनी त्याच्या डॉक्टरांची कागदपत्रं जप्त केली, तेव्हा त्याच्या खासगीपणाच्या बाजूने कोर्टात कोण उभं राहिलं तर नागरी हक्कांसाठी लढणारी एसीएलयू, म्हणजे ज्या संघटनेला तो वर्षानुवर्षं शिव्या घालत होता तीच. २००६ मध्ये समझोता झाला, उपचार चालू ठेवायचे, तपासाच्या खर्चाचे ३०,००० डॉलर भरायचे आणि मग केस मागे. श्रोते एक टक्काही तुटल्यासारखे वाटले नाहीत, कारण तोपर्यंत नातं मतांचं राहिलं नव्हतं, घरच्या माणसाचं झालं होतं.

आणि आता तो प्रश्न की त्याला स्वतःला हे सगळं खरं वाटायचं का. नोव्हेंबर २००६ मध्ये रिपब्लिकन पक्ष दोन्ही सभागृहात हरला आणि दुसऱ्या दिवशी लिंबॉ शोमध्ये म्हणाला की मला मोकळं वाटतंय, ज्यांची लायकी नाही अशा लोकांची तळी आता मला उचलावी लागणार नाही. म्हणजे इतकी वर्षं उचलत होतो ह्याची कबुली स्वतःच्या तोंडाने. माझं मत विचाराल तर मूळ विचार त्याला मनापासून पटलेले होते, सरकार लहान हवं, टॅक्स कमी हवा हे ढोंग नव्हतं. पण रोज तीन तास भरायचे तर विचार पुरत नाहीत, शत्रू लागतो, रोज नवा. १५ तासांचा आठवडा शांतपणे समजावून सांगण्यावर चालत नाही.

२००९ मध्ये ताकदीचा कळस दिसला. ओबामा शपथ घेणार त्याच्या तोंडावर लिंबॉ म्हणाला की तो अपयशी ठरावा अशी माझी इच्छा आहे. जॉर्जियाचे रिपब्लिकन खासदार फिल गिंग्रे एवढंच बोलले की बाहेर बसून दगड मारणं लिंबॉसारख्यांना सोपं असतं, आणि दुसऱ्याच दिवशी त्यांना लिंबॉच्याच शोमध्ये फोन करून माफी मागावी लागली. मार्चमध्ये पक्षाचे अध्यक्ष मायकल स्टील म्हणाले की लिंबॉ हा करमणूक करणारा आहे, त्याचं बोलणं भडकाऊ असतं. दोन दिवसांत त्यांचीही माफी. गंमत सोडा, पण स्टील जे बोलले ते लिंबॉ स्वतःच टीका झाली की बोलायचा, की मी काय बाबा, करमणूक करणारा. ही दोन टोप्यांची सोय फार मोठी आहे. चुकीचं बोललो तर मी विनोदी कलाकार, बरोबर ठरलो तर मी चळवळीचा नेता.

खासदार एवढे का घाबरतात हेही सांगतो. अमेरिकेत बरेच मतदारसंघ असे आहेत की तिथे एकाच पक्षाचा माणूस निवडून येणार हे ठरलेलं असतं, त्यामुळे खरी लढाई पक्षांतर्गत निवडणुकीत, जिला प्रायमरी म्हणतात. प्रायमरीत मत द्यायला फार थोडे लोक येतात, आणि जे येतात ते कट्टर. तेच लोक दुपारी रेडिओ ऐकतात. म्हणजे लिंबॉचे श्रोते देशाच्या लोकसंख्येत थोडे, पण तुमचं तिकीट ठरवणाऱ्यांत भरपूर. शिवाय त्याला सरकार चालवायचं नाही, समोरच्या पक्षाशी तडजोड करून बिल पास करायचं नाही, तडजोड करणाऱ्याला गद्दार म्हणायचं काम फक्त. खासदाराला मात्र दोन्ही करायचं. ह्या खेळात खासदार जिंकूच शकत नाही.

पैसा पण तसाच. २००८ मध्ये नवीन करार झाला, आठ वर्षांचे जवळपास ४० कोटी डॉलर, त्यात सही करण्याचेच १० कोटी. हा पैसा आला तो जाहिरातींतून, आणि तो बऱ्याच जाहिराती स्वतःच्या आवाजात वाचायचा, मॅट्रेस काय, कंप्युटर बॅकअप काय, श्रोते विश्वासाने घ्यायचे. कमजोर जागा पण तीच निघाली. २९ फेब्रुवारी २०१२ ला जॉर्जटाउनची कायद्याची विद्यार्थिनी सँड्रा फ्लूक, जी आरोग्य विम्यात गर्भनिरोधकं असावीत म्हणून बोलली होती, तिला त्याने वेश्या म्हटलं, आणि एवढ्यावर न थांबता सलग तीन दिवस तेच. आधी लोक चॅनल बदलण्यापलीकडे काही करू शकत नव्हते, आता सोशल मीडियावरून एकेका जाहिरातदाराला गाठायला लागले. लिंबॉने ३ मार्चला माफी मागितली, ह्या वेळी लेखी, तरी कार्बोनाइट नावाची बॅकअपवाली कंपनी बाहेर पडली आणि तिच्यामागे रांग लागली. खरा फटका पुढे बसला, मोठ्या ब्रँडनी सांगून टाकलं की आमची जाहिरात कुठल्याच वादग्रस्त टॉक शोमध्ये नको, मग तो डावा असो की उजवा. श्रोते होते तेवढेच, पण त्या श्रोत्यांची किंमत उतरली. लायसन्सच्या नियमाने जे कधी झालं नाही ते जाहिरातदाराच्या एका ईमेलने झालं, आणि हे मला काही फार समाधानाचं वाटत नाही, कारण कंपनी नीतीसाठी जात नाही, उद्या एखाद्या खऱ्या गोष्टीवरूनही गोंधळ झाला तर ती तशीच पळेल. शो मात्र बंद पडला नाही. २०१६ मध्ये करार परत वाढला. त्याचे शो लावणारी क्लिअर चॅनल, जिचं नाव आता आयहार्टमीडिया झालं होतं, तिने कर्जापायी मार्च २०१८ मध्ये दिवाळखोरी जाहीर केली, त्यातही हा टिकला.

३ फेब्रुवारी २०२० ला त्याने सांगितलं की फुफ्फुसाचा कॅन्सर आहे, पुढच्या स्टेजचा. आयुष्यभर सिगार ओढणारा आणि दुसऱ्याच्या धुराने अपाय होतो हे नाकारणारा माणूस. दुसऱ्या दिवशी संसदेत ट्रम्पच्या भाषणात मध्येच त्याला प्रेसिडेन्शियल मेडल ऑफ फ्रीडम हे मोठ्या नागरी सन्मानाचं पदक दिलं, मेलानिया ट्रम्पने गळ्यात घातलं, अर्धं सभागृह उभं राहून टाळ्या वाजवतंय आणि अर्धं बसून. २०२० च्या निवडणुकीनंतरही निकालावर शंका घेत राहिला आणि १७ फेब्रुवारी २०२१ ला, वयाच्या ७० व्या वर्षी, फ्लोरिडात गेला.

त्यानंतर कंपनीने काय केलं तर कित्येक आठवडे त्याचेच जुने रेकॉर्डिंग लावले, मध्ये पाहुणे होस्ट बसवून, आणि श्रोते ते ऐकत राहिले. जून २०२१ मध्ये त्या वेळेला क्ले ट्रॅव्हिस आणि बक सेक्स्टन अशी जोडी आली, दुसऱ्या कंपनीने त्याच बारा ते तीनला डॅन बोंजिनोला उभं केलं. कोणालाच त्याच्याइतकी पकड मिळाली नाही, कारण ज्याला तसं बोलायचंय त्याला आता ६०० स्टेशनं लागत नाहीत, एक माईक आणि यूट्यूब पुरतं, आणि तिथे ना एफसीसीचं लायसन्स, ना बारा ते तीनची मर्यादा, ना ब्रेकच्या सेकंदाला वाक्य संपवायची गरज.